बदलत्या बिटांचा पेचकस: बिट घुमवतं कोण, धरतं कोण?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या तरुणाचा हा प्रश्न आहे. त्याच्या विभागात एका मुठीला बिटं, म्हणजे स्क्रूत बसणारी सुटी टोकं, बदलून लावायचे तीन प्रकारचे पेचकस आहेत. मॅग्नेटवाल्यात काम झालं की बिट स्क्रूतच अडकून राहतं आणि नुसती मूठ हातात येते. दुसऱ्यात आत तारेची रिंग आहे, त्यात बिट डुलतं. तिसरा छर्ऱ्याच्या, म्हणजे बारीक पोलादी गोळीच्या, लॉकचा, नवा आणलेला, पण त्यात जुन्यातली निम्मी बिटं लॉकच होत नाहीत. यातला चांगला कुठला, बिघडलेला दुरुस्त होतो का, आणि असा होल्डर, म्हणजे बिट धरणारा भाग, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळेल का, हे त्याला हवं आहे.

वर्कशॉपमध्ये या तिन्ही तक्रारींना एकच नाव मिळतं: लॉक गेलं. नेमकं इथंच निदान चुकतं. बिट धरून ठेवणाऱ्या कुठल्याही रचनेत दोन वेगळी कामं असतात. एक घुमवण्याचं, म्हणजे मुठीचा पीळ बिटापर्यंत पोचवण्याचं. दुसरं ओढ सोसण्याचं, म्हणजे मूठ मागं घेताना बिट सोबत आणण्याचं. पहिलं काम होल्डरच्या तोंडातला सहा पैलूंचा खळगा करतो, दुसरं लॉक करतं. दार बिजागरीवर फिरतं आणि कडी फक्त ते उघडू देत नाही, तसंच हे आहे. दार डुगडुगायला लागलं तर कडी बदलून काही होत नाही.

स्क्रू आवळताना लॉकवर जवळपास काहीच भार नसतो, हे एकदा नीट डोक्यात बसवा. आवळताना आपण मूठ पुढं दाबतो, म्हणजे बिट खळग्याच्या तळाशी टेकलेलं असतं. प्लसच्या स्क्रूत खाचेच्या कडा तिरक्या असल्यामुळं जोर वाढला की बिट बाहेर उसळायला बघतं, पण ते स्क्रूतून बाहेर येतं, होल्डरमधून नव्हे. होल्डरमध्ये ते आणखी आतच ढकललं जातं. लॉकची परीक्षा होते ती काम संपल्यावर, मूठ मागं घेताना. म्हणून "जोर लावला की लॉक सुटतं" असं कुणी सांगितलं तर आधी पैलू तपासा.

आता पैलूंचं माप. आपण ज्याला दोन सुती म्हणतो तो पाव इंची षटकोन, पैलू ते पैलू ६.३५ मि.मी. कोपरा ते कोपरा हेच माप सुमारे ७.३ मि.मी. भरतं. छोटी २५ मि.मी. लांबीची बिटं आणि लांब ५० मि.मी.ची पॉवर बिटं, दोन्हींचा षटकोन हाच. फरक आहे तो धरण्याच्या खाचेत. लहान बिटाच्या सहा कोपऱ्यांवर बारीक खाचा असतात, लांब बिटाला सगळीकडून गोल फिरलेला गाळा, म्हणजे पन्हळीसारखी खाच, असते. लहान बिटाचा आंतरराष्ट्रीय प्रकार सी ६.३ आणि लांब बिटाचा ई ६.३ म्हणून ओळखला जातो. दुकानात पाकिटावर ही अक्षरं दिसली तर ती कशासाठी आहेत ते आता कळेल.

खळगा बिटापेक्षा एक दशांश मिलिमीटर मोठा असेल, म्हणजे ६.४५, तर बिट दोन्ही बाजूंना सुमारे दीड अंश फिरतं. हे हाताला जाणवतं, पण कामाला आड येत नाही. खळगा झिजून ६.६५ झाला की तेच पाच अंशांवर जातं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा अंशांची ढिलाई. आणि ढिलाईपेक्षा वाईट गोष्ट पुढं आहे. हाताच्या पूर्ण ताकदीनं जाड मूठ पिळली तर पाच-सहा न्यूटन-मीटरचा पीळ येतो. तो सहाही कोपऱ्यांवर सारखा वाटला गेला तर प्रत्येक कोपऱ्यावर त्याचा सहावा हिस्सा. पण झिजलेल्या खळग्यात बिट तिरकं बसतं, भार दोन-तीन कोपऱ्यांवरच येतो आणि दाब दुप्पट-तिप्पट होतो. बिटाचं पोलाद कडक, खळग्याचं मऊ, त्यामुळं झिजतो तो खळगा. तुमच्या दुसऱ्या पेचकसातलं डुलणं बहुधा हेच आहे. खात्री करायची असेल तर एक कोरं चांगलं बिट घ्या, व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरनं) मोजा, ते ६.३५ च्या किंचित खाली असायला हवं. ते त्यात घालून हलवून बघा. नवं बिटही फिरत असेल तर खळगा गेला, आणि त्याला दुरुस्ती नाही. नवं बिट फिरत नाही पण पुढं-मागं सरकतं, तर रिंग थकली आहे, आणि ती बदलता येते.

मॅग्नेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मशीन शॉपमध्ये आणि फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मॅग्नेटचा होल्डर वापरू नये. ऑफिसात, फर्निचरला, संगणक उघडायला तो उत्तम. बिट टाकलं की बसलं, बिटातून चुंबकत्व पुढं जाऊन स्क्रूही टोकाला चिकटतो, एका हातानं उंचावरचं काम होतं. पण आपल्याकडं हवेतच लोखंडी कीस. लेथजवळ, ग्राइंडरजवळ ठेवलेल्या मॅग्नेटच्या होल्डरचा खळगा उजेडात धरून बघा. तळाशी काळी मिशी उगवल्यासारखा कीस उभा दिसेल. त्यावर बिट टेकतं, मॅग्नेटवर नाही. चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्यानं पडते, कागदाच्या जाडीची फटसुद्धा जाणवते. तुमचं बिट स्क्रूत राहतं याचं पहिलं कारण हे असू शकतं. खळग्यात चिकणमातीचा किंवा पुट्टीचा छोटा गोळा दाबून बाहेर ओढा, कीस त्याला लागून येतो. वाऱ्याच्या नळीनं तो निघत नाही, आणि डोळ्यात जायची भीती वेगळी.

दुसरं कारण स्क्रूत आहे. रंग बसलेला, गंजलेला किंवा खाच चेपलेला स्क्रू बिटाला पाचर मारल्यासारखा धरतो. ती पकड चुंबकाच्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त असते. शेवटचा पीळ दिल्यावर मूठ सरळ मागं ओढू नका. आधी किंचित उलटी फिरवा, स्क्रू सुटणार नाही इतकीच, पाचर मोकळी होते, मग उचला. या एका सवयीनं अर्ध्या तक्रारी संपतात. आणि पितळी टर्मिनलचे स्क्रू मॅग्नेटला चिकटतच नाहीत, ३०४ स्टेनलेसचे फार तर अलगद चिकटतात, त्यामुळं विजेच्या पॅनेलच्या कामात स्क्रू धरण्याचा जो मॅग्नेटचा मोठा फायदा सांगतात तो तिथं मिळत नाही. साध्या प्रतीचं निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर तापलं तर कायमचं दुबळं होतं, म्हणून होल्डर भट्टीच्या कडेला किंवा तापलेल्या इंजिनवर विसरू नये.

रिंगच्या होल्डरबद्दल थोडक्यात. खळग्याच्या आतल्या गाळ्यात स्प्रिंगच्या तारेची उघड्या तोंडाची रिंग बसवलेली असते. बिट आत जाताना ती फाकते आणि कोपऱ्यावरच्या खाचांत बसते. स्वस्त, साधं, धुळीला न जुमानणारं. ओढ मॅग्नेटपेक्षा जास्त सोसते. दोष इतकाच की बिट काढायला कधी कधी पक्कड लागते, आणि प्रत्येक वेळी रिंग फाकल्यामुळं काही काळानं तिचा जीव जातो. अणकुचीदार स्क्रायबरनं (धातूवर रेघ ओढायच्या टोकदार सळईनं) ती बाहेर काढता येते आणि तशीच नवी बसवता येते. खळगा चांगला असेल तर एवढ्यासाठी पेचकस फेकू नका.

छर्ऱ्याच्या लॉकची रचना मला सगळ्यात आवडते, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. होल्डरच्या भिंतीत एक आडवं भोक असतं, त्यात एक छर्रा. बाहेरून एक कॉलर, म्हणजे होल्डरच्या अंगावर बसणारं छोटं नळकांडं, पुढं-मागं सरकते, तिच्यामागं स्प्रिंग. कॉलरच्या आतल्या अंगाला एक भाग अरुंद आणि त्याला लागून एक भाग रुंद. कॉलर आपल्या जागी असते तेव्हा अरुंद भाग छर्ऱ्यावर येतो, छर्रा आत ढकलला जातो आणि बिटाच्या गाळ्यात बसतो. कॉलर ओढली की रुंद भाग छर्ऱ्यावर येतो, छर्ऱ्याला बाहेर सरकायला जागा मिळते, बिट सुटतं.

बिट ओढल्यावर काय होतं ते बघा. गाळ्याची कड छर्ऱ्याला बाहेर ढकलते. पण छर्ऱ्याच्या पाठीवर पोलादी कॉलर आहे, आणि ती आडव्या दिशेनं कुठंच जाऊ शकत नाही. ओढ सोसते ती कॉलरची भिंत. स्प्रिंगचं काम फक्त कॉलर जागेवर ठेवण्याचं. म्हणून बोटानं सहज सरकणारी नाजूक स्प्रिंगसुद्धा पुरते, आणि तरी बिट हातानं ओढून निघत नाही. स्प्रिंग कडक म्हणजे लॉक मजबूत, हा समज सोडा. चांगल्या होल्डरमध्ये कॉलरचा अरुंद भाग अगदी बारीक उतार देऊन केलेला असतो, म्हणजे छर्रा थोडा झिजला तरी कॉलर पुढं सरकून फट भरून काढते. हा उतार जास्त झाला तर मात्र बिट ओढताना छर्राच कॉलरला मागं ढकलतो आणि लॉक आपोआप उघडतं. स्वस्त होल्डर इथंच मार खातात.

आता तुमची तिसरी तक्रार, निम्मी बिटं लॉक न होण्याची. यात होल्डर बिघडलेला नाही. लांब बिटांच्या बाजारात दोन मापं चालतात. युरोपियन पद्धतीच्या बिटात मागच्या टोकापासून गाळा सुमारे ९ ते ९.५ मि.मी. वर असतो, जपानी पद्धतीच्या बिटात तो सुमारे १३ मि.मी. वर. तुमचा होल्डर जपानी मापाचा असेल तर युरोपियन बिट तळाशी टेकतं, पण छर्ऱ्यासमोर गाळा येत नाही, सपाट पैलू येतो. कॉलर अर्धवटच परत येते आणि बिट हातात राहतं. काही इम्पॅक्ट ड्रायव्हरबरोबर (ठोके देत स्क्रू पिळणाऱ्या विजेच्या हत्याराबरोबर) एक छोटा पोलादी तुकडा येतो, तो खळग्याच्या तळाशी टाकला की आखूड मापाचं बिट नेमक्या उंचीवर येतं. बरेच जण तो तुकडा खोक्यासकट टाकून देतात. आणि २५ मि.मी.ची लहान बिटं साध्या छर्ऱ्याच्या होल्डरमध्ये सहसा धरली जाणार नाहीत, त्यांना गाळाच नसतो, कोपऱ्यांवरच्या खाचा छर्ऱ्यासाठी नाहीत. तुमच्याकडची सगळी बिटं एका फळीवर मांडा, मागच्या टोकापासून गाळ्यापर्यंत व्हर्नियर लावा आणि तीन डब्यांत वेगळी करा. दहा मिनिटांचं काम आहे.

छर्ऱ्याचा होल्डर अडकायला लागला तर खोलायला घाबरू नका. पुढच्या तोंडाशी एक सर्क्लिप (खाचेत बसणारी उघड्या तोंडाची कडी) असते, तिच्यामागं वॉशर, मग स्प्रिंग. हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून खोला. स्प्रिंग उडते, आणि तीन मिलिमीटरचा छर्रा शॉपच्या फरशीवर गेला की गेला. सगळे भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा. कॉलरच्या आत उजेड पाडून बघा: अरुंद भागावर छर्ऱ्यानं वाटीसारखा खड्डा पाडलाय का. पाडला असेल तर कॉलर मऊ होती, ती पुन्हा तसंच करणार. खड्डा नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब, पुसून कोरडं, आणि परत जोडा. ग्रीस लावू नका. फौंड्रीत वाळूची धूळ ग्रीसमध्ये बसली की तिचं घासायचं मलम तयार होतं आणि चांगली कॉलर काही महिन्यांत खाऊन टाकते.

लेथवर करून घेण्याबद्दल: होय, होतं, आणि उद्यमनगरात हे करणारे हात आहेत. पण एका नगासाठी परवडणार नाही; खोल पॅनेलसाठी हातभर लांब होल्डर किंवा वाकड्या जागेसाठी खास आकार हवा असेल तरच करून घ्या. करायचा तर या गोष्टी सांगून ठेवा. अंगासाठी ईएन ८ हे मध्यम कार्बनचं पोलाद चालतं. षटकोनी भोक ब्रोचनंच, म्हणजे भोकात दाबून त्याला आकार देणाऱ्या हत्यारानंच, पाडायचं. गोल भोक पाडून कानशीनं पैलू काढलेला खळगा पहिल्या दिवसापासून दोन कोपऱ्यांवर चालतो. भोकाच्या तळाशी गोल गाळा ठेवायला सांगा, नाहीतर ब्रोचचा कीस तळाशी साठतो आणि बिट पूर्ण आत जात नाही.

छर्ऱ्याचं गणित सोपं आहे: छर्ऱ्याचा व्यास म्हणजे भिंतीची जाडी अधिक छर्रा आत जितका डोकावायला हवा तितकं अंतर. उदाहरणार्थ खळगा ६.४ मि.मी., अंगाचा बाहेरचा व्यास ११.२, म्हणजे पैलूच्या मध्यावर भिंत २.४. तीन मिलिमीटरचा छर्रा घातला आणि त्याची पाठ अंगाच्या पृष्ठभागाशी समतल असली की तो आत ०.६ डोकावतो. तेवढं तुमच्या बिटाच्या गाळ्यात मावतं का, हे आधी गाळ्याची खोली मोजून बघा. कॉलर उघडल्यावर छर्ऱ्याला तेवढंच ०.६ बाहेर जायचं असतं, म्हणून रुंद भागाची खोली त्याहून थोडी जास्त, ०.८ तरी हवी. ती कमी पडली तर बिट आत जाताना छर्रा पैलूवर घासतो आणि लोक म्हणतात होल्डर घट्ट आहे.

छर्ऱ्याचं भोक पाडणं हे यातलं सगळ्यात कसबी काम. ते पैलूच्या मध्यावर, आणि आरपार एकाच व्यासाचं नको. ड्रिल खळग्याच्या आतल्या भिंतीपाशी येता येता थांबवायचं, म्हणजे ड्रिलच्या टोकाचा शंकू तळाशी एक पातळ ओठ ठेवतो. छर्रा त्या ओठावर बसतो, आत डोकावतो, पण बिट नसताना खळग्यात पडत नाही. ओठ जाड राहिला तर छर्रा पुरेसा आत येत नाही, पातळ झाला तर चार दिवसांत मोडतो. ड्रिल प्रेसला डेप्थ स्टॉप (ठरलेल्या खोलीवर ड्रिल थांबवणारी अडण) लावून, आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून छर्रा टाकून बघणारा मिस्त्री असेल त्याच्याकडं काम द्या. कॉलरला आतून पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, असलं पाहिजे, नाहीतर वर सांगितलेली वाटी पडते. छर्रे बेअरिंगच्या दुकानात सुटे मिळतात, जुन्या बेअरिंगमधून काढलेले झिजलेले वापरू नका.

घुमवणं वेगळं आणि धरणं वेगळं, ही समज जुनी आहे. पॅटर्नमेकर (ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या) लोकांकडचं हातानं फिरवायचं गिरमीट बघा. त्याच्या बिटाचा शेपटा चौकोनी आणि निमुळता असतो. १८६४ मध्ये अमेरिकेत बार्बर यांनी ज्या चकचं, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाचं, पेटंट घेतलं, त्यात दोन जबडे त्या चौकोनाचे कोपरे पकडतात आणि बाहेरचं कवच आवळलं की जबडे मिटतात. पीळ कोपऱ्यांवर, ओढ जबड्यांच्या दाबावर. उलट, गोल शेपट्याचं ड्रिल तीन जबड्यांच्या चकमध्ये, ज्याचं पेटंट आर्थर जेकब्स यांचं १९०२ चं, दोन्ही कामं नुसत्या घर्षणावर करतं. म्हणून ड्रिल जाम झालं की शेपटा चकमध्येच फिरतो आणि त्यावर चरे पडतात. षटकोनी बिटाला हा त्रास का नाही, ते यावरून लक्षात येईल.

वीज चालू असलेल्या पॅनेलवर यातला कुठलाच होल्डर वापरू नका. उघडं बिट, उघडी कॉलर, सगळं धातूचं. तिथं दोन त्रिकोणांची आणि १००० व्होल्टची खूण असलेला इन्सुलेटेड पेचकसच हवा. बिट बदलायचे इन्सुलेटेड पेचकसही मिळतात, पण त्यांची पाती त्यांच्याच जातीची, टोकापर्यंत आवरण असलेली असतात. त्यात साधं बिट खुपसायचं नाही.

तर तुमच्या विभागासाठी मी असं करीन. मॅग्नेटवाला ऑफिसच्या आणि स्टोअरच्या कामाला देईन. रिंगवाल्याचा खळगा नव्या बिटानं तपासून, चांगला असेल तर फक्त रिंग बदलून वीज बंद केलेल्या पॅनेलच्या फिटिंगला ठेवीन. मशीनवरच्या कामाला छर्ऱ्याचा होल्डर, आणि त्याच्यासोबत एकाच मापाच्या गाळ्याची ५० मि.मी.ची बिटं, दुसरी त्या डब्यात येऊच द्यायची नाहीत. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत घ्यायला जाल तेव्हा तुमचं एक बिट खिशात न्या, होल्डरमध्ये घालून कॉलर पूर्ण परत येते का बघा, मग बिट चिमटीत धरून सरळ ओढा आणि डावी-उजवीकडं फिरवा. ओढल्यावर आलं तर लॉक वाईट, फार फिरलं तर खळगा वाईट. दोन्हींत तो होल्डर दुकानदाराला परत करा.